गाडी उचलली, आता ओढणार कोण?

आमच्या हॉस्टेलवर रात्री साडेअकरानंतर तीनच विषय चालतात: मेसची भाजी, डोक्यावर आलेली सबमिशन्स आणि गाड्या. पहिल्या दोन विषयांवर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे चर्चा फार टिकत नाही. तिसऱ्या विषयावर मात्र मेकॅनिकल, सिव्हिल आणि अगदी कॉम्प्युटरची पोरंसुद्धा हिरिरीने भांडतात. गेल्या महिन्यात एकाने मोबाईलवर एका पिकअपचा फोटो दाखवला. गाडी आपल्याकडच्या गावोगावी दिसते तीच, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनची. पण खाली ३१ इंची टायर, बॉडी वर उचललेली, आणि एकंदर रुबाब असा की बाजूला उभा असलेला ट्रॅक्टर लाजावा!

झालं. पहिला गट म्हणाला, "नाद करायचा नाय! आपण पण करायची." दुसरा म्हणाला, "पाऊणशे हॉर्सपॉवरच्या इंजिनला कशाला हवेत असले चाळे? आधी इंजिन मोठं घ्या." एक वाजला, वॉर्डन सरांची बॅटरी जिन्यात चमकली आणि सभा बरखास्त झाली. मी त्या रात्री गप्प बसलो होतो. कारण मित्रहो, हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे आणि तोही काकांच्या पोटापाण्याच्या गाडीवर. माझं मत असं की दोन्ही गट चुकतात. लहान इंजिनच्या पिकअपला लिफ्ट आणि मोठे टायर घालणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी मोठंच इंजिन हवं असंही नाही. पण मोठ्या टायरचं बिल कुणाला तरी भरावंच लागतं. ते गियरने भरलं नाही तर इंजिन, क्लच आणि ब्रेक भरतात. आणि तेही भरू शकले नाहीत, तर आत बसलेला माणूस भरतो.

आता सविस्तर सांगतो.

काकांची आंब्याची बाग गुहागर तालुक्यात आहे. पिकअप मागच्या चाकांवर चालणारी, टू व्हील ड्राइव्ह. सीझनला हापूसच्या पेट्या भरायच्या, चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला यायचं आणि परतताना खत, सिमेंट, जे लागेल ते घेऊन खाली उतरायचं. बागेत जाणारा शेवटचा एक किलोमीटर कच्चा. जांभ्या दगडाची वाट, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. गाडी भरली की डिफरन्शियलचा गोळा त्या उंचवट्याला घासायचा. काका दर वेळी शिवी हासडायचे आणि पुढे जायचे.

मी तेव्हा नुकताच दुसऱ्या वर्षाला गेलो होतो. अंगात इंजिनीअरिंग नवीन नवीन भिनलेलं. मी आणि चुलतभाऊ दोघांनी मिळून काकांना पटवलं. "काका, गाडी वर उचलू आणि मोठे टायर टाकू. घासायचा प्रश्नच मिटेल." काका म्हणाले, "तू शिकतोयस त्यातलं. तुला कळत असेल तर कर बाबा." हे वाक्य मला अजून टोचतं.

मेकॅनिकल नसलेल्या वाचकांसाठी (आणि गणित विभागाच्या सरांसाठी) थोडक्यात सांगतो. लिफ्ट म्हणजे चाकांपासून बॉडी आणखी वर उचलणं. आम्ही पुढे टॉर्शन बार आवळले आणि मागे पाटे व ॲक्सल यांच्यामध्ये दोन इंचांचे लोखंडी ठोकळे घालून लांब यू-बोल्टने कसले. मूळ टायर होते २१५/७५ आर १५, म्हणजे व्यास साधारण ७०४ मिलिमीटर. त्या जागी ३१ बाय १०.५ आर १५ घातले, म्हणजे ७८७ मिलिमीटर. हे टायर जुन्या रिमवर बसण्याइतके अरुंद नव्हते, म्हणून रुंद रिम आले. रिम बाहेर आले म्हणून मडगार्डची कड कापावी लागली. स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावेना म्हणून ती हौद्यात बांधली, म्हणजे चार पेट्यांची जागा गेली. सगळा खर्च माझ्या दोन सेमिस्टरच्या मेसबिलापेक्षा जास्त झाला. पण गाडी उभी राहिली तेव्हा काय दिसत होती म्हणून सांगू! आम्ही तिचे इतके फोटो काढले की काका म्हणाले, "लग्न ठरवताय का तिचं?"

पहिला धडा त्याच आठवड्यात मिळाला. जी गोष्ट घासत होती ती डिफरन्शियल. ते ॲक्सलवर असतं आणि ॲक्सल चाकांवर. बॉडी दोन इंच उचला नाहीतर दोन फूट उचला, ठोकळ्यांमुळे डिफरन्शियल एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. ते वर गेलं फक्त टायरच्या त्रिज्येतल्या फरकाएवढं, म्हणजे ४२ मिलिमीटर. लिफ्टने काय मिळतं? मोठा टायर मावायला जागा, आणि बंपर व चासी दगडावर आपटण्याआधी थोडा जास्त कोन. आमचा प्रश्न तो नव्हताच. म्हणजे दोन इंच लिफ्ट आम्ही केली ती निव्वळ टायर मावावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर दिसावी म्हणून.

दुसरा धडा फाळक्याजवळ मिळाला. हौदा ५० अधिक ४२ म्हणजे ९२ मिलिमीटर, साडेतीन इंचांहून जास्त वर गेला. कागदावर किरकोळ वाटतं. पण पन्नास पेट्या, प्रत्येकी वीसेक किलोच्या, हाताने उचलून वर ठेवणाऱ्या गड्याला विचारा. पूर्वी पेटी कमरेच्या जोरावर सरकायची, आता ती छातीपर्यंत उचलावी लागायची. त्यातला एक वयस्क गडी मला म्हणाला, "भाऊ, गाडी मोठी केलीस, मग माणसं पण उंच आणायची होतीस." एर्गोनॉमिक्सच्या पेपरात मला चांगले मार्क आहेत. हे वाक्य त्या पुस्तकात नाही.

आता मुख्य गोष्ट, घाट. गाडी भरून कुंभार्ली चढताना काका पूर्वी ज्या वळणांवर तिसरा गियर लावून आरामात जायचे, तिथे आता गाडी धापा टाकायला लागली. दुसरा टाकला की इंजिन ओरडायचं, तिसरा टाकला की मरायचं. मागे एसटीचा हॉर्न. काका म्हणाले, "इंजिन बसलं वाटतं रे." हॉस्टेलवरचा दुसरा गट हेच म्हणतो, की इंजिन लहान आहे. पण इंजिन कालही तेवढंच होतं ना? मग काल चढत कसं होतं?

जर्नलच्या मागच्या पानावर मी हा हिशेब केला. तुम्हीही करून पहा, टी.ओ.एम. पास झालेला कुणीही करू शकेल. सोयीसाठी असं धरा: इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क २०० न्यूटन-मीटर, तिसऱ्या गियरचा रेशो १.५, डिफरन्शियलचा ४.१० आणि वाटेत दहा टक्के घट. चाकापर्यंत पोचतात साधारण ११०७ न्यूटन-मीटर. भागिले चाकाची त्रिज्या. जुन्या टायरची त्रिज्या ०.३५२ मीटर, म्हणजे रस्त्यावर ढकलणारं बल सुमारे ३१४५ न्यूटन. नव्या टायरची ०.३९३५, म्हणजे २८१३ न्यूटन. आता गाडी आणि माल मिळून २७०० किलो, चढ दहाला एक. गुरुत्वाकर्षण मागे ओढतं साधारण २६४० न्यूटनने, टायरचं घर्षण आणखी ४०० च्या आसपास. एकूण गरज ३०४० न्यूटन.

पाहिलंत? जुन्या टायरवर १०० न्यूटन शिल्लक, म्हणून तिसऱ्यावर चढत होती. नव्या टायरवर सव्वादोनशे न्यूटनची तूट, म्हणून मरत होती. इंजिनचा एक नटही कुणी हलवला नव्हता. टायर बारा टक्क्यांनी मोठा केला आणि २०० न्यूटन-मीटरचं इंजिन रस्त्यापाशी १७९ चं होऊन बसलं. मोठ्या इंजिनच्या गाडीत ही तूट शिलकीत जिरून जाते, कुणाला कळतही नाही. लहान इंजिनकडे शिल्लकच नसते. लहान इंजिनचा दोष असलाच तर एवढाच, की ते आपली चूक लपवत नाही.

याच गणितात उत्तरही आहे. टायरचा व्यास जितक्या पटीने वाढला तितक्या पटीने डिफरन्शियलचा रेशो वाढवा. ४.१० गुणिले १.१२ म्हणजे ४.५९. आता गंमत बघा. ४१ दातांचं क्राऊनव्हील आणि १० दातांचा पिनियन असेल तर रेशो ४.१०. त्याच ४१ दातांना ९ दातांचा पिनियन असेल तर ४.५६. फक्त एक दात कमी! वरच्या हिशेबात ४.५६ घालून पहा, बल परत ३१२९ न्यूटनवर येतं आणि गाडी पुन्हा तिसऱ्यावर चढते. इंजिन तेच, टर्बो तोच, चिप-ट्यूनिंगची भानगड नाही. अर्थात नुसता पिनियन बदलून चालत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावे लागतात, त्यांचं बॅकलॅश नीट बसवावं लागतं, आणि गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा-मागचा दोन्ही सेट सारखा बदलावा लागतो. खर्च आहे, मेहनत आहे, आणि फोटोत तर काहीच दिसत नाही. म्हणूनच कुणी करत नाही!

जगात ज्यांना हे काम खरंच येतं ते हेच करतात. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर जाण्यासाठी ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर घालायची परंपरा आहे. २००७ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गियर'वाल्यांनी टोयोटा हायलक्स उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागेपर्यंत नेली, ती तिथल्याच आर्क्टिक ट्रक्सने तयार केलेली आणि ३८ इंची टायरची. तिथे एवढा मोठा टायर घालताना डिफरन्शियलचा रेशो बदलणं हा कामाचाच भाग असतो. शिवाय गाडी नको तेवढी उंच होऊ नये म्हणून ते लिफ्ट मर्यादित ठेवतात आणि चाकाची कमान कापून रुंद करतात. टायर मोठा घेतात तो हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवून बर्फावर तरंगता यावं म्हणून. म्हणजे आधी काम, मग टायर, मग गियर, आणि सगळ्यात शेवटी उंची. आपल्याकडे क्रम बरोब्बर उलटा!

अमेरिकेत फोर्डने २०२१ मध्ये नवी ब्रॉन्को आणली. तिच्या साध्या मॉडेलला ३० इंची टायर आहेत. ज्यांना ३५ इंची हवेत त्यांच्यासाठी कंपनीचंच 'सॅस्क्वॉच' पॅकेज आहे, आणि ते २.३ लिटरच्या लहान, चार सिलिंडरच्या इंजिनवरही मिळतं. पण त्यात नुसते टायर येत नाहीत, ४.७ चा फायनल ड्राइव्हही येतो. कंपनीच्या इंजिनीअरने लहान इंजिनला मोठा टायर नाकारला नाही. त्याने बिल गियरकडे पाठवलं.

"पण मोठ्या टायरने हायवेला आरपीएम कमी होतो, ॲव्हरेज वाढतं," असं एक पोरगं त्या रात्री म्हणत होतं. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, दमदार इंजिनला हे थोडंफार लागू पडेलही. आमच्या गाडीने जरा चढ आला की पाचवा सोडून दिला. चौथ्यावर खेचत जायचं, तर फायदा कुठला? काकांच्या वहीत ॲव्हरेज १३ वरून साडेदहावर आलं. घरात बोंबाबोंब. पण त्यातही मेख होती. टायर मोठा झाल्यावर मीटर खोटं बोलायला लागतं. मीटर १०० किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी ११२ गेलेली असते. म्हणजे खरं ॲव्हरेज पावणेबाराच्या आसपास होतं. नुकसान १९ टक्के वाटत होतं, खरं निघालं साधारण १० टक्के. याचीच दुसरी बाजू वाईट आहे: काटा ६० वर असताना गाडी ६७ ने पळत असते, आणि चालवणाऱ्याला ते माहीत नसतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहितोय त्या दिवसाकडे येतो.

मे महिना, सुट्टी लागली होती. काका कराडला पेट्या उतरवून सिमेंटच्या वीस गोणी भरून परतत होते, मी केबिनमध्ये. हेळवाक मागे टाकून घाट उतरायला लागलो. काका नेहमीप्रमाणे तिसऱ्यावर उतरत होते. पण ज्या हिशेबाने इंजिनची ओढ कमी झाली, त्याच हिशेबाने इंजिनचा रोधही कमी होतो. गाडी पूर्वीसारखी धरून राहीना. काकांचा पाय सारखा ब्रेकवर. त्यात टायर मोठा झाला की ब्रेकचंही तसंच: डिस्क तीच, दाब तोच, पण त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर मिळणारं रोधक बल दहा-अकरा टक्के कमी. चौथ्या-पाचव्या वळणानंतर जळका वास यायला लागला. मग काका एकदम म्हणाले, "पेडल खाली जातंय रे." आवाज शांत होता, पण मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी दुसरा गियर कोंबला, इंजिन किंचाळलं. एका उजव्या वळणाच्या आधी डोंगराच्या बाजूला गटार होतं, काकांनी डावी चाकं त्यात घातली आणि गाडी बाजूच्या दरडीला घासत उभी केली. आरसा तुटला, फाळका वाकला. आम्हा दोघांना काही झालं नाही. समोरून त्या वेळी कुणी आलं नाही, हे नशीब.

अर्धा तास आम्ही कठड्यावर बसून होतो. काही तरी करायचं म्हणून मी बाटलीतलं पाणी चाकांवर शिंपडलं. पुढच्या दोन्ही चाकांवर चर्र करून वाफ झाली. मागच्या ड्रमवर पाणी नुसतंच ओघळलं. मला वाटलं, चला, मागचे ब्रेक तरी चांगले आहेत! माझी अक्कल तेवढीच.

दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या मेस्त्रींना हे सांगितलं. ते दहावी नापास आहेत, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. त्यांनी मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "ठोकळे कुणी घातले?" मी हात वर केला. मग त्यांनी चासीवरून ॲक्सलकडे जाणारा एक दांडा दाखवला. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा. हौद्यात माल भरला की पाटे दबतात, चासी ॲक्सलच्या जवळ येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी भरलेली आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब दे. गाडी रिकामी असेल तर दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आम्ही दोन इंची ठोकळे घालून चासी कायमची वर नेली होती. टनभर सिमेंट भरलेलं असताना तो बिचारा व्हॉल्व्ह समजत होता की गाडी जवळजवळ रिकामी आहे! मागचे ब्रेक निम्म्या झोपेत आणि सगळा भार पुढच्यांवर. म्हणून पुढे वाफ आणि मागे थंड पाणी.

मेस्त्री रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुस्तकात असतंय काय हे?" मी म्हटलं, "असतं." ते म्हणाले, "मग?"

त्या "मग?"चं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पुस्तकात सगळं होतं. त्रिज्या, टॉर्क, ब्रेक बायस, गुरुत्वमध्य. व्हायवाला विचारलं असतं तर मी घडाघडा सांगितलं असतं. पण वर्गातली गाडी आणि काकांची गाडी एकच आहे, हे माझ्या डोक्यात कुठेच जोडलेलं नव्हतं. गुरुत्वमध्याचंच घ्या. गाडी कधी उलटेल हे मोटा हिशेब करायचा तर चाकांमधल्या अंतराच्या निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची. उंची दहा टक्क्यांनी वाढली की वळणावरची सुरक्षितता नऊ टक्क्यांनी घटते. रुंद रिममुळे थोडी परत मिळते, पण तेच रिम चाकाच्या बेअरिंगवर ताण टाकतात. फुकट काहीच मिळत नाही, हेच तर थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी पहिल्या तासाला सांगितलं होतं!

आणि कायदा? तो आम्ही नंतर वाचला. गाडीच्या नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ बनावटीत जे तपशील आहेत त्यांच्याशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १८२-अ हे नवं कलम आलं: परवानगीत न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मालक म्हणजे काका. डोकं माझं, दंड त्यांना. त्या दिवशी घाटात समोरून कुणी आलं असतं, तर विमा कंपनीने ते ठोकळे पाहून काय म्हटलं असतं, याचा विचारही नको वाटतो.

काही जण म्हणतील, मग सरळ सांग ना की असले उद्योग करू नका. आपल्याकडचे काही सरही असंच म्हणतात, "अभ्यास सोडून ही थेरं." मला हे मान्य नाही. गाडीत बदल करावासा वाटणं हीच तर इंजिनीअर होण्याची पहिली खूण आहे. पिथमपूरजवळच्या बाहा स्पर्धेत काय असतं? सगळ्या संघांना एकसारखं, दहाएक हॉर्सपॉवरचं लहान इंजिन. कुणालाही "इंजिन मोठं पाहिजे होतं" म्हणायची सोय नाही. जिंकतो तो, ज्याने टायर, गियर आणि वजन यांचं गणित जमवलं. तेच गणित गावाकडच्या पिकअपला का लागू करू नये?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला गाडी उचलायची असेल त्याने आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. नेमकं काय घासतंय किंवा अडतंय? टायरच्या प्रमाणात गियर मिळतोय का? ब्रेक आणि त्यांचा व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवून घेता येतो का? आणि हे सगळं कायदेशीर करून मिळेल का? चौघांपैकी एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर टायर दुकानातच राहू द्यावेत. आणि सरांना विनंती अशी की लास्ट इयरच्या प्रोजेक्टला दर वर्षी तेच ते 'पाण्यावर चालणारं इंजिन' आणण्यापेक्षा एखाद्या गटाला आवारात येणाऱ्या भाजीच्या, दुधाच्या पिकअपचा असा हिशेब मांडायला लावा. फुकट करून द्या त्या चालकांना. दोघांचंही भलं होईल.

काकांच्या गाडीचं पुढे काय झालं? आम्ही ४.५६ सारखा सेट शोधला. त्या गाडीला बसणारा मिळाला नाही. मग ठोकळे काढले, टॉर्शन बार मूळ खुणेवर आणले, व्हॉल्व्हचा दांडा मेस्त्रींनी नीट लावून दिला. ३१ इंची टायर तोटा खाऊन विकले आणि मूळ मापाचेच, फक्त खोल नक्षीचे टायर घेतले. चिखलात पकड हवी होती, ती नक्षीने मिळाली. उंचीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हताच.

आणि बागेच्या वाटेवर घासणाऱ्या डिफरन्शियलचं? पुढच्या सुट्टीत मी, चुलतभाऊ आणि तो वयस्क गडी, तिघांनी पहार, टिकाव आणि फावडं घेतलं. दोन रविवार खपून वाटेच्या मधला उंचवटा फोडला आणि तोच दगड चाकोऱ्यांत भरला. गाडी चार इंच वर न्यायला आम्ही हजारो रुपये घातले होते. वाट चार इंच खाली न्यायला दोन रविवार आणि काकूंच्या हातची भाकरी पुरली.

आता भरलेली गाडी बागेतून निघते तेव्हा कुठेच घासत नाही. घाटात तिसऱ्यावर चढते. काका कधी कधी माझ्याकडे बघून म्हणतात, "काय इंजिनीअर, उचलायची का परत?" मी खिडकीतून बाहेर बघतो.